मुलास मुंबईस ठेवावे कोठे?

दरसाल मृगाच्या सुमारास शेतकऱ्याच्या घरी दोन घाई एकदमच येतात. एक पेरणीची आणि दुसरी मुलांच्या प्रवेशाची. पहिलीविषयी आमच्या वाचकांस सांगावे असे आता थोडेच उरले आहे. बियाण्याची उगवणशक्ती पाहिल्यावाचून, पिशवीवरील चिठ्ठी वाचल्यावाचून व दुकानदाराची पक्की पावती घेतल्यावाचून ते दमडी मोजीत नाहीत. परंतु तेच वाचक मुलास मुंबईस शिकावयास पाठविताना, त्याला ज्या घरी दोन, तीन किंवा चार वर्षे राहावयाचे आहे ते घर न पाहता, मोबाईलवर आलेल्या चार छायाचित्रांच्या भरवशावर अनामत रक्कम पाठवून मोकळे होतात. एका हंगामाच्या बियाण्याविषयी जी चिकित्सा, ती पोटच्या मुलाविषयी का नसावी, हा प्रश्न विचारण्यासाठीच हा लेख आम्ही लिहीत आहोत.

मुलास महाविद्यालयाच्या अथवा विद्यापीठाच्या वसतिगृहात ठेवावे, की खाजगी जागेत खाट घेऊन ठेवावे, असे आमच्या सभासदांपैकी पुष्कळजण विचारीत असतात. विशेषेकरून दादरविषयी ही पृच्छा होते आणि तिला कारणही तसेच आहे. मध्य व पश्चिम हे दोन्ही रेल्वेमार्ग दादर येथे एकत्र येतात. नाशिक, पुणे, सातारा वा कोल्हापूरकडून गाडीने येणारा मुलगा बहुधा दादरलाच उतरतो. शेजारी माटुंग्यास 1887 साली स्थापन झालेली व पुढे तेथे स्थलांतरित झालेली व्हीजेटीआय ही अभियांत्रिकीची संस्था आहे. तेथेच रसायन तंत्रशास्त्राची 1933 साली निघालेली संस्था आणि 1937 सालचे रुईया महाविद्यालय आहे. दक्षिणेस परळला 1926 साली सुरू झालेले केईएम रुग्णालय व त्यास जोडलेले गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आहे. नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. इतकी विद्यास्थाने एका हाकेच्या टप्प्यात आल्यामुळे दादर, हिंदू कॉलनी, नायगाव व शिवाजी पार्क ह्या भागांत विद्यार्थ्यांस खाटा भाड्याने देण्याचा धंदा भरभराटीस आला, ह्यात नवल नाही.

आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांस ते पारखून घेणे सोपे जाईल. मुलासाठी जागा निवडताना भाडे, पलंग, पंखा वा स्नानगृहातील फरशी ह्यांहून अगोदर एकच गोष्ट पाहावी: ह्या जागेविषयी व ह्या मुलाविषयी उत्तर देण्यास कोण बांधलेला आहे? ज्या जागी असा मनुष्य पदाने, नावाने व कायद्याने बांधलेला आहे ती जागा जुनाट असली तरी पत्करावी. ज्या जागी तो नाही ती संगमरवरी असली तरी तिचा मोह धरू नये. ह्या कसोटीवर महाविद्यालयाचे व विद्यापीठाचे वसतिगृह बहुधा पहिले ठरते; खाजगी जागा दुसरी ठरते, व तीही काही अटींवरच.

विद्यापीठाच्या वसतिगृहांची स्तुती करण्याचा आमचा मानस नाही. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले; आज त्याची वसतिगृहे चर्चगेट व कालिना येथे आहेत, परंतु त्यांतील जागा विद्यार्थिसंख्येच्या मानाने फारच थोड्या आहेत. व्हीजेटीआय, रसायन तंत्रशास्त्र संस्था व वैद्यकीय महाविद्यालय ह्यांची स्वतःची वसतिगृहे आहेत. परंतु कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या अनेक महाविद्यालयांस स्वतःचे वसतिगृहच नाही. जेथे आहे तेथेही खोलीचा रंग उडालेला, नळास पाणी ठरावीक वेळीच, आणि भोजनाविषयी विद्यार्थ्यांची तक्रार बारमाही, असा प्रकार आढळतो. शिवाय प्रवेश निश्चित झाल्यावर वसतिगृहाची यादी लागण्यास आठवडेच्या आठवडे जातात. तोवर मुलाने कोठे राहावे ह्याचा विचार संस्थेने केलेला नसतो. हे सर्व दोष खरे आहेत व ते दूर करण्याचा आग्रह धरलाच पाहिजे.

तथापि ह्या जुनाट इमारतीत एक वस्तू असते जी खाजगी जागेत विकत मिळत नाही. तेथे एक अधीक्षक असतो. त्याच्यावर प्राचार्य असतो. प्राचार्यावर विद्यापीठ व शासन असते. प्रवेशाच्या दिवशी मुलाचे नाव वहीत चढते. रात्री तो परतला नाही तर त्याची विचारपूस करणे हे कोणाचे तरी कर्तव्य असते. ही नुसती रीत नव्हे, तिला कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्रात रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा 1999 साली झाला. नवागत विद्यार्थ्यास छळणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी केली पाहिजे. त्याने हयगय केली तर गुन्ह्यास साहाय्य केल्याचा दोष त्याच्यावर येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची ह्याच विषयावरील नियमावली 2009 सालची आहे, आणि 1800-180-5522 हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. वाचकांनी तो मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावा. सांगण्याचा मथितार्थ इतकाच की, वसतिगृहात अन्याय झाला तर ठोठावण्यास एक दार असते, व ते न उघडणारास जाब विचारता येतो.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. 1023 मैलांवरून नव्हे, आपल्याच राज्यातून शिकावयास आलेल्या एका मुलीचा जून 2023 मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या शासकीय मुलींच्या वसतिगृहात खून झाला, आणि संशय तेथल्याच सुरक्षारक्षकावर आला. त्याने त्याच दिवशी रेल्वेखाली जीव दिला. मग सरकारी पाटीचा भरवसा तो काय, असे कोणी विचारील तर त्याचे तोंड आम्ही बंद करू इच्छीत नाही. पाटी पाहून निर्धास्त होऊ नये, हेच त्या दुर्दैवी घटनेने शिकविले. परंतु तिच्यातून निघणारा बोध असा नाही की संस्थेचे वसतिगृह सोडून कोठेही जावे. संस्था जबाबदार असते म्हणजे ती आपोआप सावध असते असे नव्हे. तिला सावध ठेवावे लागते. रखवालदार कोण, त्याची चौकशी झाली आहे काय, रात्री मुलींच्या मजल्यावर स्त्री कर्मचारी असते काय, तक्रार लिहून घेतात काय, हे प्रश्न पालकांनी प्रवेशाच्या दिवशी विचारावेत व वर्षातून दोनदा तरी पुन्हा विचारावेत. पाटाच्या पाण्याची पाळी आपली असते, तरी रात्री बांधावर जाऊन उभे राहावे लागतेच ना?

आता खाजगी जागेकडे वळू. सर्व खाजगी जागा एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला, कुटुंबात राहण्याचा. मुले दूर गेलेली वृद्ध दांपत्ये किंवा एकट्या स्त्रिया घरातील एखादी खोली एक-दोन विद्यार्थ्यांस देतात. अशा घरी मालकाचाही डोळा असतो व माणुसकीही असते. दादर-माटुंग्यात अशा घरी राहून शिकलेल्यांच्या पिढ्या झाल्या. वसतिगृह न मिळाल्यास आम्ही प्रथम असेच घर शोधावयास सांगू. दुसरा प्रकार, चारपाच विद्यार्थ्यांनी मिळून करारावर घर घेण्याचा. तो मोठ्या व समजूतदार मुलांस ठीक. नुकत्याच बारावी झालेल्यास नव्हे. तिसरा प्रकार कॉट बेसिसचा. एका फ्लॅटमध्ये बसतील तितक्या खाटा मांडून प्रत्येक खाटेचे भाडे निराळे घेतात. बहुधा जागा एकाची, ती चालविणारा दुसरा, व पैसे गोळा करणारा तिसराच असतो. अडचण आली म्हणजे तिघेही एकमेकांकडे बोट दाखवितात. इमारत जुनी आहे काय, पुनर्विकासासाठी रिकामी होणार आहे काय, इतक्या माणसांस बाहेर पडण्यास वाट आहे काय, ह्याचा जबाब कोणीच देत नाही. आमचा विरोध आहे तो मुख्यतः ह्या तिसऱ्या प्रकारास.

खाजगी जागेत स्वच्छता अधिक, स्नानगृह चांगले, इंटरनेट अखंड आणि येण्याजाण्यास मोकळीक, असे मुले सांगतात. ते खोटे नाही. परंतु मोकळीक व बेवारसपणा ह्यांत अंतर फार थोडे असते. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा तापाने फणफणला असता शेजारच्या खाटेवरील अनोळखी नोकरदार सकाळच्या लोकलने निघून जातो. त्याच्याकडे दोष नाही. त्याने खाटेचे भाडे दिले आहे, शुश्रूषेचे घेतलेले नाही. वसतिगृहात तेच आजारपण चार वर्गबंधूंच्या व अधीक्षकाच्या नजरेस येते. शिवाय अभ्यासाची गोष्ट निराळीच. वरळीस एका रस्त्याला लोकांनी 'अभ्यास गल्ली' असे नाव दिले आहे. चाळीच्या एकाच खोलीत जागा व शांतता न मिळाल्याने मुले पिढ्यान् पिढ्या तेथे रस्त्यावरील दिव्याखाली बसून वाचीत आली. डॉ. आंबेडकरांनी विद्यार्थिदशेत परळच्या चाळीतील एका खोलीत, घर झोपल्यावर रात्री उठून अभ्यास केला, आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले ते मुख्यतः ग्रंथांस जागा व्हावी म्हणून. विद्यार्थ्यास पाठ टेकण्यास जशी जागा लागते तशीच पुस्तक उघडण्यासही लागते. कॉट बेसिसच्या घरात टेबल शोधून पाहावे; सापडले तर आम्हांस आनंदच होईल.

खर्चाचा हिशेब आपण आपल्या भाषेत करू. उदाहरणादाखल, खाट व जेवण मिळून महिन्यास 12,000 रुपये धरले व करार 11 महिन्यांचा असला, तर वर्षाचे 1,32,000 रुपये होतात. 2025-26 च्या हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर 10.25 टक्के उताऱ्यास क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनास 3,550 रुपये ठरला. त्या दराने हे सुमारे 37 टन उसाचे पैसे झाले, आणि तेही तोड-वाहतूक वजा जाण्यापूर्वीचे. सोयाबीनचा त्याच वर्षाचा हमीभाव 5,328 रुपये. तो पदरात पडलाच, तर हे सुमारे 25 क्विंटल सोयाबीन झाले. चार वर्षांच्या अभ्यासक्रमास ह्याची चौपट. ज्याच्या घरी तीन एकर जमीन आहे त्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा व मगच मुलाच्या हातात अर्ज द्यावा. वसतिगृहाचे शुल्क ह्याहून पुष्कळ कमी असते. म्हणून पहिला अर्ज तेथेच, आणि मुदतीच्या पहिल्या दिवशी, गेला पाहिजे.

वसतिगृह न मिळाल्यास खाजगी जागा घ्यावीच लागेल. ती घेताना शेतकऱ्याने आपलीच विद्या वापरावी. जमीन खंडाने घेताना आपण सातबारा पाहतो, चतुःसीमा पाहतो, पाण्याची पाळी विचारतो, लेखी करतो व दोन साक्षीदार घालतो. येथेही तसेच करावे. प्रथम, घरातील कोणीतरी जाणत्याने जागा प्रत्यक्ष पाहावी, व ती दिवसा न पाहता रात्री नऊनंतर पाहावी; तेव्हा खाटेवर कोण आहे व दारावर कोण आहे ते कळते. दुसरे, पैसे घेणारा मालक आहे की मधला मनुष्य आहे हे विचारून त्याचे नाव व जागेवरील हक्क कागदावर घ्यावा. तिसरे, घर लीव्ह अँड लायसन्स पद्धतीने घेतले असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 ह्याच्या 55 व्या कलमान्वये करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, व नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसल्यास, उलट पुरावा येईपर्यंत, भाड्याने घेणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते. ज्या ठिकाणी नुसती खाट घ्यावयाची तेथेही अनामत किती, परत केव्हा, सोडण्याची सूचना किती दिवसांची, आणि सुटीच्या महिन्यांचे भाडे लागते की नाही, ह्या चार गोष्टी सहीनिशी लिहून घ्याव्यात. चौथे, रक्कम रोख न देता बँकेमार्फत द्यावी. पाचवे, वसतिगृहाची यादी लागावयाची असेल तर वर्षाचा करार करू नये. महिन्याचेच बोलावे, मग दोन पैसे अधिक गेले तरी चालतील.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. खाजगी वसतिगृहाच्या भाड्यावर वस्तू व सेवा कर म्हणून काही चालक जादा रक्कम मागतात. जुलै 2024 पासून, माणशी महिन्यास 20,000 रुपयांपर्यंत भाडे असलेल्या व सलग 90 दिवस किंवा अधिक मुदतीच्या निवासास ह्या करातून सूट आहे. सबब अशी मागणी झाल्यास नियम दाखवून ती नाकारावी.

शासनाच्या साहाय्याकडेही आपण दुर्लक्ष करतो. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर ह्यांच्या, व्यावसायिक अभ्यासक्रमास असलेल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांस शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना असून, मुंबईसारख्या शहरी तिच्यातून वर्षास भोजन, निवास व निर्वाह मिळून 60,000 रुपये ठरविले गेले. अनुसूचित जमाती व इतर मागास वर्ग ह्यांच्यासाठीही अशाच योजना आहेत. रकमा व अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून महाविद्यालयाच्या कार्यालयात चौकशी करून मुदतीत अर्ज करावा. आठ-अचा उतारा व उत्पन्नाचा दाखला उन्हाळ्यातच काढून ठेवावा. पेरणीच्या दिवसांत तलाठ्यामागे हिंडण्यास कोणास सवड असते?

मुलींविषयी आम्हांस निराळे लिहिणे भाग आहे. 2024-25 पासून महाराष्ट्र शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. ह्याचा अर्थ असा की, मुलीच्या शिक्षणाच्या वाटेवरील मोठी धोंड दूर झाली व तिच्यामागे दडलेली दुसरी उघडी पडली. ती धोंड म्हणजे निवासाची. 'शुल्क नाही हे खरे, पण तिला ठेवू कोठे?' असे म्हणून गुणवान मुलीस जवळच्या गावी मिळेल त्या वर्गात घालणारे पालक आमच्या वाचकांत नाहीत असे कोणी म्हणू नये. भावास मुंबईस कॉट बेसिसवर ठेवावयाचे, आणि बहिणीस जागा सुरक्षित नाही म्हणून घरी ठेवावयाचे, हा न्याय नव्हे. जागा असुरक्षित असेल तर ती दोघांसही असुरक्षित आहे. आणि सुरक्षित जागा उभी करता येत असेल तर ती प्रथम मुलींसाठी उभी केली पाहिजे.

अशी जागा उभी करता येते काय? येते, आपल्याच वाडवडिलांनी ती केली आहे. खेड्यांतील मुलांस शहरात राहण्यास ठिकाण नाही म्हणून त्यांचे शिक्षण खुंटते, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले व 1901 साली कोल्हापुरास व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. मागून जैन, लिंगायत, मुसलमान व अस्पृश्य मानलेल्या जातींच्या विद्यार्थ्यांची वसतिगृहे निघत गेली आणि कोल्हापूर हे वसतिगृहांचे गाव झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली व 1924 साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. त्यास 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले. तेथे मुले एका पंक्तीस जेवीत व स्वतः राबत. घरोघरच्या मूठमूठ धान्यावर ते चालले आणि अडीनडीस लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडले. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय चालविले. तेच पुढे स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री झाले. ह्या तिन्ही पुरुषांनी शाळेइतकेच किंबहुना शाळेच्या आधी वसतिगृहास महत्त्व दिले, हे विसरता कामा नये.

मुंबईतही हा प्रघात अपरिचित नाही. गोव्याच्या ख्रिस्ती गावकऱ्यांनी धोबीतलाव व माझगाव भागांत आपापल्या गावाची 'कूड' ठेवली; मुंबईस उतरलेल्या गावच्या माणसास तेथे पेटी ठेवण्यास व पाठ टेकण्यास हक्काची जागा असे. लालबाग-परळच्या गिरणगावात कोकण-देशावरील गावांनी मिळून खोल्या घेतल्या आणि गिरणीतील पाळीप्रमाणे माणसे त्यांत आळीपाळीने झोपली. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांचे संघटन 1975 साली प्रेमाताई पुरव ह्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ ह्या नावाने केले. गिरण्या 1982 च्या संपानंतर मोडत गेल्या. पण अनोळखी शहरात आपल्या माणसास निवारा देण्याची ती रीत मोडण्याचे कारण नव्हते. ज्यांनी गिरणीत जाणाऱ्या पोरासाठी खोली घेतली त्यांचे नातू आज महाविद्यालयात जाणाऱ्या पोरीसाठी घेणार नाहीत काय?

आमची सूचना व्यवहाराची आहे. दादरची जागा सोन्याच्या मोलाची. तेथे इमारत बांधण्याची स्वप्ने कोणी पाहू नयेत. परंतु तालुक्यातील साखर कारखाना, दूध संघ, बाजार समिती किंवा आमच्यासारखी शेतकऱ्यांची सभा ह्यांस दादर-माटुंग्याच्या किंवा रेल्वेने जोडलेल्या एखाद्या उपनगराच्या बाजूस एक मजला नोंदणीकृत कराराने घेता येईल. भाडे विद्यार्थी देतील. संस्थेने अनामत, गृहपालाचे वेतन व टेबल-खुर्च्या ह्यांची तजवीज करावी. 500 सभासदांनी वर्षास प्रत्येकी 1,000 रुपये दिले तर 5 लाख होतात. पाच लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात टनामागे एक रुपया काढला तरी तितकेच होतात. उसाच्या बिलातून होणाऱ्या नाना कपातींविषयी शेतकऱ्यांचा अनुभव गोड नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून ही वर्गणी ऐच्छिक असावी, तिचे खाते निराळे असावे, जमाखर्च दरसाल वार्षिक सभेपुढे वाचला जावा, आणि व्यवस्थापक मंडळात निम्मे तरी विद्यार्थ्यांचे पालक असावेत. प्रवेश गुणांवर व गरजेवर व्हावा. संचालकाच्या चिठ्ठीवर नव्हे. आणि त्यात जातीचा प्रश्न येऊ देऊ नये; साताऱ्याची पंगत आपल्याला ठाऊक आहे.

अशी सोय होईपर्यंत प्रत्येकाने आपल्यापुरते तरी शहाणे व्हावे. पहिला अर्ज संस्थेच्या वसतिगृहास. दुसरा शोध जाणत्या कुटुंबातील खोलीचा. आणि कॉट बेसिस पत्करावाच लागला तर कागद, पावती व नाव ह्यांखेरीज नव्हे. जागा ठरल्यावरही महिन्या-दोन महिन्यांनी मुंबईची फेरी करावी, अधीक्षकास अगर घरमालकास भेटावे, मुलाच्या खाटेवर घटकाभर बसावे आणि तो काय जेवतो ते पाहावे. पेरून आल्यावर पुन्हा शेताकडे न फिरकणाऱ्यास आपण शेतकरी म्हणत नाही.